शंभूची ३६,२८,८०० रूपे : ‘लीलावती’तील एका संख्येचा परिचय

बीड जिल्हा ही तीर्थांची भूमी होय. श्रीक्षेत्र परळी येथील श्री वैजनाथ, अंबाजोगाई येथील श्री योगेश्वरी, बीड शहरातील जलकुंडाच्या मध्यभागी उभे असलेले श्री कंकालेश्वर मंदिर अशा अनेक स्थानांच्या दर्शनास वर्षभर भाविक येत असतात. तीर्थयात्रेत संख्येला मोठे स्थान आहे. माळेचे मणी एकशे आठ, रुद्र अकरा, ज्योतिर्लिंगे बारा, बेल वाहण्याचा संकल्प लाखाचा. या संख्या परंपरेने आलेल्या असून भाविक त्या श्रद्धेने स्वीकारतात.

तथापि भगवान शंकराशी निगडित अशी एक मोठी संख्या आहे, जी केवळ सांगितलेली नसून मोजून काढलेली आहे. ती संख्या म्हणजे ३६,२८,८००. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या ग्रंथात एका प्रश्नाचे उत्तर म्हणून ती येते. ती कोणावरही विश्वास ठेवून मान्य करावी लागत नाही. पाटी-पेन्सिल घेऊन शाळकरी मुलालाही ती पडताळून पाहता येते. या संख्येची ओळख यात्रेकरूंना व्हावी, हा या लेखाचा हेतू आहे.

ग्रंथ आणि ग्रंथकार

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४ मध्ये झाला. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ.स. ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. ही दोन्ही वर्षे त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवली आहेत. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे या ग्रंथाचे चार भाग होत. सह्याद्रीच्या आश्रयाला असलेले विज्जलविड हे आपले गाव, असेही ते सांगतात. विज्जलविड म्हणजे आजचे बीड, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. इतर काही अभ्यासक ते गाव जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटणे परिसरात असल्याचे मानतात. मत कोणतेही स्वीकारले, तरी ज्या भूमीत यादवांच्या काळात मंदिरे, मठ आणि विद्या एकत्र नांदल्या, त्याच भूमीतील हे गणित आहे, यात शंका नाही.

‘लीलावती’ची कीर्ती पुढे दूरवर पोहोचली. अकबराच्या दरबारातील फैजीने इ.स. १५८७ मध्ये तिचे फारसी भाषांतर केले आणि इ.स. १८१७ मध्ये कोलब्रुक यांनी ती इंग्रजीत आणली. ग्रंथाच्या अखेरीस ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. दिलेल्या वस्तू किंवा अंक किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतात, हा या प्रकरणाचा विषय होय.

प्रश्न

अंकपाशातील प्रश्नाचा आशय असा : भगवान शंकरांना दहा हात आहेत. त्या हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू, कपाल, शूल, खट्वांग, शक्ती, बाण आणि धनुष्य अशा दहा वस्तू आहेत. या वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात बदलत गेल्यास शंभूच्या किती निरनिराळ्या मूर्ती होतील? त्याचप्रमाणे गदा, चक्र, कमळ आणि शंख धारण करणाऱ्या चतुर्भुज हरीच्या किती मूर्ती होतील?

उत्तर असे : हरीच्या चोवीस, आणि शंभूच्या छत्तीस लक्ष अठ्ठावीस हजार आठशे.

प्रथमदर्शनी हे उत्तर अविश्वसनीय वाटते. हात चाराचे दहा झाले, म्हणजे अडीचपट झाले; मग रूपे चोवीसवरून एकदम छत्तीस लाखांवर कशी गेली? या शंकेचे निरसन पुढील रीतीने होते.

उत्तर कसे मिळते

एक हात आणि एक वस्तू असेल, तर मांडणी एकच. हात दोन आणि वस्तू दोन असतील, तर पहिल्या हातात दोहोंपैकी कोणतीही एक देता येईल व उरलेली दुसऱ्या हातात जाईल. म्हणून मांडण्या दोन. हात तीन झाले की पहिल्या हातासाठी तीन पर्याय असतात. त्यांपैकी प्रत्येक पर्यायामागे उरलेल्या दोन वस्तूंच्या दोन मांडण्या होतात. म्हणून तीन गुणिले दोन, म्हणजे सहा. चौथा हात आला की पहिल्या हातासाठी चार पर्याय आणि प्रत्येकामागे सहा मांडण्या, म्हणून चोवीस.

येथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, नवा हात आला म्हणजे मांडण्यांची बेरीज होत नसून गुणाकार होतो. म्हणूनच संख्या इतक्या वेगाने वाढते. क्रमाने पाहता :

१ हात : १
२ हात : २
३ हात : ६
४ हात : २४
५ हात : १२०
६ हात : ७२०
७ हात : ५,०४०
८ हात : ४०,३२०
९ हात : ३,६२,८८०
१० हात : ३६,२८,८००

एकापासून जितके हात असतील तितक्यापर्यंतच्या सर्व अंकांचा गुणाकार करावा, हाच लीलावतीतील नियम होय. आजच्या शालेय गणितात या गुणाकारास ‘क्रमगुणित’ असे म्हणतात आणि तो संख्येपुढे उद्गारचिन्ह देऊन दर्शवितात. हे चिन्ह इ.स. १८०८ मध्ये क्रांप या गणितज्ञाने वापरात आणले. म्हणजे चिन्ह दोन शतकांपूर्वीचे आहे; नियम मात्र साडेआठ शतकांहून अधिक काळ या भूमीत शिकविला गेला आहे.

हाच हिशेब दर्शनरांगेलाही लागू पडतो. दहा जणांचे एक कुटुंब दर्शनासाठी एकामागे एक उभे राहिले, तर त्यांच्या उभे राहण्याचे क्रम ३६,२८,८०० होतात. शंभूच्या मूर्तीत ज्या जागी हात आहेत, त्या जागी येथे रांगेतील स्थाने आहेत. आणि वस्तूंच्या जागी माणसे आहेत.

हरीची चोवीस रूपे

चोवीस ही संख्या भाविकांस अपरिचित नाही. संध्येच्या आरंभी केशव, नारायण, माधव येथपासून श्रीकृष्णापर्यंत विष्णूच्या चोवीस नावांचा उच्चार होतो. मूर्तिशास्त्रात या प्रत्येक नावाची स्वतंत्र मूर्ती सांगितली आहे. आणि एका मूर्तीहून दुसरी मूर्ती ओळखण्याची खूण म्हणजे चार हातांतील चार आयुधांचा क्रम. अग्निपुराणातील वर्णनानुसार केशवाच्या हातांत पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम असतो, तर नारायणाच्या हातांत शंख, पद्म, गदा, चक्र असा. खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून प्रदक्षिणेच्या दिशेने हा क्रम पाहावयाचा असतो.

चार आयुधांचे क्रम चोवीसच होतात, पंचविसावा होऊच शकत नाही. नावेही चोवीसच आहेत. येथे परंपरेची संख्या आणि गणिताची संख्या यांचा तंतोतंत मेळ बसतो. एखाद्या प्राचीन मंदिरात चतुर्भुज विष्णूमूर्तीचे दर्शन घेताना भाविकांनी आयुधांचा क्रम अवश्य पाहावा; मूर्ती केशवाची की माधवाची, हे त्यावरून कळू शकते.

शंभूच्या बाबतीत मात्र तसे होणे शक्य नाही. छत्तीस लाख रूपांना नावे देणे कोणास साधेल? एखाद्या घराण्यातील शिल्पकारांनी पिढ्यान् पिढ्या दररोज एक मूर्ती घडविली, तरी सर्व रूपे पूर्ण होण्यास ९,९०० वर्षांहून अधिक काळ लागेल. ती सर्व रूपे कोणी पाहिलेली नाहीत आणि पाहणारही नाही. तरीसुद्धा ती नेमकी किती, हे ठाऊक आहे. एकही कमी नाही, एकही अधिक नाही. जे डोळ्यांना दिसू शकत नाही त्याचे अचूक माप बुद्धीला घेता येते, हेच या प्रश्नाचे मर्म होय.

बेचाळीस दिवस

आता या संख्येचे काही गुणधर्म पाहू जाता, पहिलाच गुणधर्म मोठा मनोवेधक आहे. एखाद्याने दर सेकंदाला शंभूचे एक रूप, याप्रमाणे अहोरात्र अखंड ध्यान केले, तर सर्व रूपे पूर्ण होण्यास किती काळ लागेल? उत्तर आहे बरोबर बेचाळीस दिवस, म्हणजे सहा आठवडे. एक सेकंद कमी नाही, एक सेकंद जास्त नाही. श्रावण शुद्ध प्रतिपदेस आरंभ केल्यास अनंत चतुर्दशीच्या सुमारास सांगता होईल.

हा चमत्कार आहे काय? नाही. त्याचे कारण संख्येच्या घडणीतच आहे. बेचाळीस म्हणजे ६ × ७. दिवसाचे तास चोवीस, म्हणजे ३ × ८. तासाचे सेकंद ३,६००, म्हणजे २ × ४ × ५ × ९ × १०. हे सर्व अंक एकत्र मांडले की दोनपासून दहापर्यंतचा प्रत्येक अंक एकदाच आलेला दिसतो. एकाने गुणल्यास काही बदलत नाही. म्हणून बेचाळीस दिवसांचे सेकंद आणि शंभूची रूपे या दोन्ही संख्या एकच ठरतात. चोवीस आणि साठ या संख्यांचे अनेक लहान भाग पडतात आणि म्हणूनच कालगणनेत त्या सोयीच्या ठरल्या, हे यामागचे साधे कारण होय.

अशा योगायोगांना गूढ अर्थ चिकटवून सांगण्याची पद्धत आढळते. वास्तविक, कारण कळल्याने आनंद कमी होत नाही. उलट, ज्याला कारण उमगले तो तीच गोष्ट दुसऱ्याला पटवून देऊ शकतो. ज्याने नुसते ऐकले त्याला केवळ पुनरुक्ती करता येते.

विभाजक आणि अवयव

३६,२८,८०० ही संख्या एकपासून दहापर्यंतच्या प्रत्येक अंकाने निःशेष भागली जाते. कारण ते सर्व अंक तिच्या गुणाकारात आहेतच. तिच्या अखेरीस दोन शून्ये येतात. एक शून्य दहामुळे आणि दुसरे पाच व दोन यांच्या गुणाकारामुळे येते. तिच्यातील अंकांची बेरीज ३ + ६ + २ + ८ + ८ म्हणजे २७ होते; २७ ला नवाने भाग जातो, म्हणून मूळ संख्येलाही जातो.

मूळ अवयवांत मांडल्यास या संख्येत २ हा अवयव आठ वेळा, ३ हा चार वेळा, ५ हा दोन वेळा आणि ७ हा एकदाच येतो. यावरून तिचे एकूण विभाजक काढता येतात. विभाजक तयार करताना २ हा शून्य ते आठ वेळा घेता येतो, म्हणजे नऊ पर्याय; त्याच रीतीने ३ साठी पाच, ५ साठी तीन आणि ७ साठी दोन पर्याय. ९ × ५ × ३ × २ = २७०. म्हणजे ही संख्या २७० निरनिराळ्या प्रकारे सारख्या वाटणीस योग्य आहे. माळेच्या एकशे आठ मण्यांवर ही रूपे वाटली, तर प्रत्येक मण्यास ३३,६०० येतात आणि बाकी काही उरत नाही.

७ हा अवयव एकदाच आल्यामुळे ही संख्या पूर्ण वर्ग होऊ शकत नाही. मात्र सातने भागल्यास ५,१८,४०० उरतात आणि ती संख्या ७२० चा वर्ग आहे.

सहा, सात आणि दहा

वर आलेली ७२० ही संख्या म्हणजे सहा हातांच्या मांडण्या. सहा हात म्हटले की भाविकांना श्रीदत्तात्रेयांचे स्मरण होते. माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख आणि चक्र धारण करणारी ही मूर्ती घरोघरी पूजिली जाते. अंबाजोगाईचे थोर दत्तभक्त संतकवी दासोपंत (इ.स. १५५१–१६१५) यांच्यामुळे बीड जिल्ह्यास दत्तभक्तीची मोठी परंपरा लाभली आहे. लीलावतीचा नियम लावला, तर षड्भुज मूर्तीच्या मांडण्या ७२० होतात.

सात वस्तूंच्या मांडण्या ५,०४०. ही संख्या संगीतशास्त्रात येते. यादवांची राजधानी देवगिरी, म्हणजे आजचे दौलताबाद, येथे सिंघणदेवाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. सप्तस्वर प्रत्येकी एकदाच घेऊन किती निरनिराळ्या क्रमांनी मांडता येतील, याचा विचार त्यात असून ती संख्या ५,०४० दिलेली आहे.

आता या दोन संख्यांचा गुणाकार करून पाहावा. ७२० × ५,०४० = ३६,२८,८००. सहा हातांच्या मांडण्या आणि सात स्वरांच्या मांडण्या यांचा गुणाकार बरोबर दहा हातांच्या मांडण्यांइतका येतो. याचेही कारण सरळ आहे. सहा हातांनंतर सातवा, आठवा, नववा आणि दहावा हात येईपर्यंत ७ × ८ × ९ × १० या गुणाकाराची भर पडते; आणि हा गुणाकारच ५,०४० आहे.

अकरा रुद्र आणि एक अधिक रूप

दहापर्यंतच्या प्रत्येक अंकाने ही संख्या भागली जाते, हे वर पाहिले. अकराने मात्र भागली जात नाही. अकरा रुद्रांमध्ये शंभूची ही रूपे सारखी वाटू लागल्यास शेवटी दहा उरतात. याचाच अर्थ, आणखी एक रूप असते तर वाटणी पूर्ण झाली असती. ३६,२८,८०१ ला अकराने भागले असता प्रत्येकी ३,२९,८९१ येतात व बाकी शून्य राहते.

हे का घडते, ते पाहण्यासाठी एकपासून दहापर्यंतच्या अंकांच्या जोड्या लावाव्यात. २ × ६ = १२, अकराने भागल्यास बाकी १. ३ × ४ = १२, बाकी १. ५ × ९ = ४५, बाकी १. ७ × ८ = ५६, बाकी १. चारही जोड्या बाकीच्या दृष्टीने एकाच्या बरोबरीच्या झाल्या. उरले १ आणि १०. म्हणून संपूर्ण गुणाकारास अकराने भागल्यास बाकी दहाच राहणार.

हा केवळ अकराचा विशेष नाही. ज्या संख्येला एक आणि ती स्वतः यांखेरीज दुसरा विभाजक नसतो तिला मूळ संख्या म्हणतात. कोणतीही मूळ संख्या घेतली, तिच्या आधीच्या सर्व अंकांचा गुणाकार करून त्यात एक मिळविला, की त्या बेरजेस त्या मूळ संख्येने निःशेष भाग जातो. पाचासाठी २४ + १ = २५; सातासाठी ७२० + १ = ७२१, म्हणजे ७ × १०३. मूळ नसलेल्या संख्येच्या बाबतीत असे कधीच घडत नाही; उदाहरणार्थ सहासाठी १२० + १ = १२१, त्यास सहाने भाग जात नाही. हा सिद्धांत विल्सन यांच्या नावाने ओळखला जातो. इ.स. १७७० मध्ये वेअरिंग यांनी तो ग्रंथात प्रसिद्ध केला आणि त्यानंतर लवकरच लाग्रांज यांनी त्याची सिद्धता दिली.

यात्रेकरूंच्या व्यवहारात

ही विद्या केवळ ग्रंथात राहणारी नाही. महाराष्ट्रातील परंपरेनुसार त्र्यंबकेश्वर, भीमाशंकर, घृष्णेश्वर, औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही पाच ज्योतिर्लिंगे या राज्यात आहेत. या पाचांची यात्रा १२० निरनिराळ्या क्रमांनी करता येते. बाराही ज्योतिर्लिंगांची यात्रा करावयाची झाल्यास क्रमांची संख्या ४७,९०,०१,६०० होते. दर सेकंदास एक क्रम तपासला, तरी पंधरा वर्षांहून अधिक काळ लागेल. सर्वांत कमी अंतराचा मार्ग शोधणे हे संगणकासही जड जाणारे काम का आहे, हे यावरून कळते. गावांची संख्या थोडी वाढली की सर्व क्रम एकेक करून तपासणे अशक्य होते आणि निराळ्या युक्त्या योजाव्या लागतात. वणी येथील श्री सप्तशृंगी देवीस अठरा हात आहेत. अठरा वस्तूंच्या मांडण्या ६,४०,२३,७३,७०,५७,२८,००० होतात. दर सेकंदास एक याप्रमाणे त्या मोजण्यास वीस कोटी वर्षांहून अधिक काळ हवा.

दुसरे उदाहरण सावधगिरीचे आहे. बँकेच्या एटीएम कार्डाचा गुप्त क्रमांक बहुधा चार अंकी असतो. ० ते ९ या अंकांतून असे दहा हजार क्रमांक होतात. परंतु त्यातील चार निरनिराळे अंक कोणते, एवढे जरी परक्याला कळले, तरी शोधावयाचे क्रमांक दहा हजारांवरून चोवीसवर येतात. हरीच्या मूर्ती जितक्या, तितकेच. म्हणून यात्रेच्या गर्दीत क्रमांक दाबताना भाविकांनी दुसरा हात आड धरावा, आणि अंकांचा क्रम न सांगता नुसते अंकही कोणास सांगू नयेत.

विद्येचे दान

भास्कराचार्यांचे हे गणित पुढील पिढ्यांपर्यंत कसे टिकले, याची एक साक्ष दगडावर कोरलेली आहे. त्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघणदेवाचा राजज्योतिषी होता. आजोबांचा ‘सिद्धान्तशिरोमणि’ आणि कुळातील इतरांचे ग्रंथ शिकविले जावेत, यासाठी त्याने पाटणे येथे मठ स्थापिला. शके ११२८ मधील ग्रहणाच्या पर्वावर निकुंभ वंशातील सोइदेवाने या मठास दान दिले. हा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. लेख संस्कृतात असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. गावात विक्रीस येणाऱ्या मालावरील करातील वाटा आणि तेलाच्या घाण्यांमागे ठरावीक तेल मठास द्यावे, अशी व्यवस्था त्यात नमूद आहे.

बाजारातील गिऱ्हाईक आणि घाणा चालविणारा तेली यांना अंकपाशाचे नियम ठाऊक असतीलच असे नाही. परंतु त्यांच्या पदरच्या पैशाने व तेलाने मठातील दिवा तेवत राहिला, आणि त्या उजेडात कोणी विद्यार्थी शंभूच्या रूपांचा गुणाकार करीत बसला. देवस्थानास दिलेल्या दानाची परिणती अन्नदानात होते, दीपसेवेत होते, तशीच ती विद्यादानातही होऊ शकते, हे पाटण्याचा शिलालेख आठशे वर्षांपासून सांगत आहे. गावोगावच्या दात्यांनी आपल्या परिसरातील एखाद्या होतकरू मुलाची वा मुलीची वह्या-पुस्तके, शुल्क किंवा अभ्यासिकेचा खर्च उचलल्यास तेही त्याच परंपरेचे पालन ठरेल.

घरी करून पाहण्यासाठी

सोबत आलेल्या मुलांकडून परतीच्या प्रवासात पुढील उदाहरणे सोडवून घ्यावीत.

१) ३, ९ आणि ८ हे अंक एकेकदा वापरून होणाऱ्या सर्व तीन अंकी संख्या लिहा व त्यांची बेरीज करा. हे उदाहरण लीलावतीतीलच आहे. संख्या सहा होतात. बेरजेसाठी युक्ती अशी : सहास अंकांच्या बेरजेने, म्हणजे वीसने, गुणावे आणि तीनने भागावे, ४० येतात. ते एकक, दशक व शतक या तिन्ही स्थानी मांडून मिळवावेत; ४० + ४०० + ४,००० = ४,४४०.

२) ४, ८, ५, ५, ५ या अंकांच्या पाच अंकी संख्या किती? हेही लीलावतीतील उदाहरण होय. तीन पाच सारखेच असल्याने १२० ला सहाने भागावे. संख्या वीस होतात. वरील युक्तीने प्रत्येक स्थानी येणारी संख्या काढल्यास ती १०८ येते आणि एकूण बेरीज ११,९९,९८८ होते.

३) सहा जणांचे कुटुंब रांगेत उभे आहे, आजी सर्वांत पुढेच राहणार असे ठरले. आता क्रम किती? उरलेल्या पाच जणांचे १२०.

गाभाऱ्यातील शिवलिंगास हात नाहीत, आयुधे नाहीत. ते एकच आहे. ज्या भास्कराचार्यांनी त्याच शंभूची छत्तीस लक्ष रूपे हिशेबाने मांडून दाखविली, त्यांनी विद्यार्थ्यांच्या हाती खरोखर एक रीत दिली. मोठ्या संख्येपुढे भांबावून न जाता ‘ही आली कोठून?’ असे विचारावे आणि एकेक पायरी चढत स्वतः पडताळून पाहावे, ही ती रीत होय. सोबतच्या बालगोपाळांना दर्शनाबरोबर हीही शिदोरी मिळावी, अशी अपेक्षा आहे.

॥ शुभं भवतु ॥